१९५५ साल आणि काउंटरवरचं हसू

आज राजे नाहीत, तह नाहीत, किल्लेही नाहीत. आजचा प्रश्न साधा आहे. खाण्याच्या दुकानात काउंटरपलीकडचा माणूस आपल्याशी गोड बोलतो, हे कधीपासून सुरू झालं? आणि त्या गोड बोलण्याची किंमत काय?

मी भिलाईत, जुनवानीला राहतो. शहराच्या कडेचं हे गाव आता कॉलेजं, हॉस्टेलं आणि सूर्या ट्रेझर आयलंड मॉल यांनी भरून गेलंय. इथल्या बर्गर-पिझ्झाच्या काउंटरांवर बहुतेक विशीतली पोरं उभी असतात. काही शिकता शिकता काम करतात. त्यांच्या कामाला इतिहास आहे, असं कुणाला वाटत नाही. पण आहे, आणि तो १९५५ या एका सालाभोवती छान मांडता येतो.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. १५ एप्रिलला शिकागोजवळ डेस प्लेन्स इथं रे क्रॉक यांनी आपलं पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं. आणि ८ मे रोजी आपल्याकडे अस्पृश्यता (अपराध) कायदा झाला. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. जुनवानीच्या काउंटरवर मात्र तिन्ही भेटतात.

आधी बर्गर. मूळच्या मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात काय केलं, ते बघा. गाडीपर्यंत ट्रे आणून देणाऱ्या मुलींना त्यांनी कामावरून काढलं, ताटं-काटेचमचे काढले, पदार्थ मोजके ठेवले. गिऱ्हाइकानं खिडकीशी यायचं, घ्यायचं, निघायचं. म्हणजे फास्ट फूडची सुरुवातच मुळी आदरातिथ्य काढून टाकण्यातून झाली! मग क्रॉक आले. दर्जा, सेवा आणि स्वच्छता हा त्यांचा मंत्र. वाढपी तर उरला नव्हता. तेव्हा सेवा दाखवायला उरलं काय? काउंटरवरचे काही सेकंद. नमस्कार, हसू, 'आणखी काही हवंय का?' १९६१ मध्ये त्यांनी कामाच्या प्रशिक्षणासाठी चक्क 'हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी' काढली.

याची मोठी परीक्षा झाली मॉस्कोत. ३१ जानेवारी १९९०, पुश्किन चौक. पहिल्याच दिवशी तीस हजारांहून अधिक लोक आले. तिथल्या पोरांना पदार्थांबरोबर हसायलाही शिकवावं लागलं. कारण सोव्हिएत दुकानात वस्तूच कमी, त्यामुळे विकणाराच मालक आणि घेणारा याचक. तिथं विकणाऱ्यानं हसावं कशाला? (आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.) भिलाईची भट्टी उभी करायला ज्यांचे इंजिनिअर आले, त्यांच्या राजधानीत गिऱ्हाइकाकडे बघून हसणं ही बातमी होते, याची मला गंमत वाटते.

पण हे हसू पगारात धरलेलं असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ च्या 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात विमानातल्या सेविकांच्या कामावरून हेच मांडलं. हातापायांसारख्या भावनाही राबवल्या जातात, आणि त्याचाही थकवा येतो. आठ तास उभं राहून, शिव्या खाऊनही हसणं हे कष्टच आहेत. ते स्वभावात जमा करून पगारातून वगळणं मला लबाडी वाटते.

आपल्याकडे याला एक वेगळं उत्तरही सापडलं होतं. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला कॉफीच्या प्रचारासाठी पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. पुढे देशभर शाखा झाल्या, आणि पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डानं त्या बंद करायला घेतल्या. नोकऱ्या जायची वेळ आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून कॉफी हाउस स्वतःच चालवायला घेतली. भिलाईतही इंडियन कॉफी हाउस आहे. तिथला तुरेवाला वाढपी घाई करत नाही, हसतोच असंही नाही. पण तो सहकारी संस्थेचा माणूस आहे आणि त्याचं वागणं कुणी लिहून दिलेलं नाही. माझं मत विचाराल तर मला ते वागणं जास्त पटतं.

आता तिसरी तारीख. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, असं संविधानाच्या कलम १५ मध्ये १९५० पासूनच होतं. १९५५ च्या कायद्यानं तो गुन्हा ठरवला, आणि उपाहारगृहातली भांडी वापरू न देणंही त्यात आणलं. भांड्यांसाठी कायदा करावा लागला, यावरून आधीची स्थिती समजून घ्या. वेगळा कप, बाहेर बसवणं, वरून पाणी ओतणं. चहाच्या दुकानात आधी माणूस बघायचा आणि मग कप काढायचा, ही रीत होती. काही ठिकाणी अजूनही आहे.

म्हणून 'या, काय देऊ?' हा प्रश्न येणाऱ्या प्रत्येकाला एकाच सुरात विचारला जाणं मला छोटं वाटत नाही. कंपनीनं तो धंद्यासाठी पाठ करून घेतलाय, हे खरंच. पण जुनवानीतच मी पाहिलंय, गावाकडून आलेलं एक वयस्क जोडपं वरच्या चकचकीत पाटीकडे बघून दारातच थबकलेलं. काउंटरवरच्या पोरीनं पाठ केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडलं, छत्तीसगढीत बोलायला लागली, कशात काय असतं आणि तिखट काय ते सांगितलं, सुटे पैसे मोजायला मदत केली. मागे रांग वाढत होती. ते तिच्या पुस्तकात नसणार. उलट त्या दोन-तीन मिनिटांबद्दल वरिष्ठ बोललाही असेल.

आता बऱ्याच दुकानांत ऑर्डर द्यायला पडदे आलेत. बोट लावा, पैसे भरा, नंबर येईपर्यंत थांबा. १९४८ च्या खिडकीचंच हे पुढचं पाऊल. पडदा कुणाची जात विचारत नाही, हे मान्य. पण त्या जोडप्याला तो वाचता आला नसता.