शेवट कोण लिहितो? : एका वर्षात पाहिलेले बारा सिनेमे

गेल्या भीमजयंतीला आमच्या परंडा तालुक्यातल्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलं की यंदा वर्गणीतला थोडा पैसा डीजेतून काढायचा आणि प्रोजेक्टर भाड्याने आणायचा. दर महिन्याला एक सिनेमा, विहारात, पांढऱ्या चादरीवर. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी एकच अट घातली, की सिनेमे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पाहायचे. आधी जुना, मग नवा.

पहिल्याच बैठकीत चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, "बाबासाहेबांनी वाचा म्हणून सांगितलं, तुम्ही सिनेमे कसले बघताय?" प्रश्न रास्त होता. हा लेख म्हणजे त्यांना बारा महिन्यांनी दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात केली 'अछूत कन्या'पासून. साल १९३६. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, नायिका देविका राणी, नायक अशोक कुमार. रेल्वे फाटकावरच्या चौकीदाराची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप. प्रेम आहे, पण लग्न होत नाही. शेवटी रुळावर चाललेली मारामारी थांबवायला, येणारी गाडी अडवायला कस्तुरी धावते आणि मरते.

आता हेच साल चळवळीच्या बाजूने बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झालेली आहे. १९३६ च्या मे महिन्यात 'जातिप्रथेचे निर्मूलन' छापून बाहेर आलंय, कारण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते भाषण झेपलं नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरते आणि 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण होतं. म्हणजे बाहेर समाज धर्म सोडायची भाषा करतोय, आणि पडद्यावर अस्पृश्य मुलगी स्वतःचा जीव देऊन बाकीच्यांची मनं हळवी करतेय. पाचच वर्षांनी, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला, आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. ज्या लोकांना सिनेमा फक्त दया दाखवायच्या लायकीचं समजत होता, ते लोक वतनाच्या गुलामीचा हिशेब मांडायला जमत होते.

मग असा प्रश्न पडतो की आपल्याकडे तेव्हा कलाच नव्हती का? होती की! त्याच दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरत होते. सत्यशोधक जलशांची परंपरा तर त्याच्याही आधीची. आपलं म्हणणं आपल्या तोंडाने मांडणारी माणसं होती. पण जलशाला डफ आणि गळा पुरतो. सिनेमाला कॅमेरा लागतो, स्टुडिओ लागतो, वितरक लागतो, थिएटर लागतं, म्हणजे भांडवल लागतं. आणि भांडवल कुणाच्या हातात होतं, हे समाजशास्त्राची पदवी नसली तरी कळतं. आपला माणूस पडद्यावर फार लवकर आला, पडद्यामागे यायला त्याला पाऊणशे वर्षं लागली.

माझी आजी सांगायची, लहानपणी येरमाळ्याच्या जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. तिकिटाला पैसे नसले की ती आणि तिच्या मैत्रिणी मागच्या बाजूने, पडद्याच्या पाठीमागून सिनेमा बघायच्या. अक्षरं उलटी दिसायची. आजी हसून म्हणायची, "वाचायला कुठं येत हुतं, म्हणून चाललं."

दुसरा सिनेमा आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले', १९५४ चा. काकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. या चित्रपटाच्या मुहूर्ताला १९५४ च्या जानेवारीत खुद्द बाबासाहेब हजर होते. गुरूचं चरित्र पडद्यावर येतंय, याचं मोल त्यांना कळत होतं. बाबूराव पेंढारकरांनी जोतिराव केले, सुलोचनाबाईंनी सावित्रीबाई. चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. आमच्या पोरांना तो संथ वाटला, पण त्यांच्या आयांनी तो डोळे न हलवता पाहिला.

'सुजाता' (१९५९) बिमल रॉय यांचा. नूतनचं काम इतकं सुंदर आहे की राग यायलाही वेळ लागतो. अस्पृश्य घरात जन्मलेली सुजाता ब्राह्मण घरात वाढते, पण 'मुलगी' होत नाही, 'मुलीसारखी' राहते. आई तिला कधी स्वीकारते? तर सुजाताचं रक्त तिच्या अंगात चढवल्यावर. आमच्यातला एकजण म्हणाला, "म्हणजे आपण माणूस हाय हे पटवायला आधी बाटली भरून द्यायची." कस्तुरीने जीव दिला, सुजाताने रक्त दिलं. तेवीस वर्षांत दर थोडा उतरला, एवढंच.

'अंकुर' (१९७४) श्याम बेनेगल यांचा. गोष्ट निजामाच्या जुन्या मुलखातली, तेलंगणातली. आपला जिल्हाही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, त्यामुळे वाडा, जमीनदार, गड्याला लागणारी 'मालक' म्हणायची सवय, हे काही आम्हाला परकं वाटलं नाही. मोलकरीण लक्ष्मीला फसवणारा जमीनदार तिच्या मुक्या-बहिऱ्या नवऱ्याला चाबकाने फोडून काढतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. आणि शेवटी एक लहान पोरगा वाड्याच्या खिडकीवर दगड मारून पळतो. या पोराला नाव नाही, गोष्ट नाही. तो दिग्दर्शकाने आणून उभा केलेला पोरगा आहे. तरीही ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या बाजूने पडद्यावर एक हात उचलला गेला, हे खरं.

पुढे 'मुक्ता', १९९४ चा, जब्बार पटेलांचा. दलित कार्यकर्ता मिलिंद आणि मराठा राजकारणी घराण्यातली मुक्ता. इथे आपला नायक पहिल्यांदा बोलतो, वाद घालतो, त्याच्यामागे संघटना आहे. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार या सिनेमाला मिळाला. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सिनेमा संपल्यावर माझे वडील उठले आणि बोलायला लागले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळायला लागल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना 'जय भीम' म्हणण्यावरून मारलं गेलं. वडील तेव्हा शाळेत होते. गावात पंधरा दिवस दळण बंद, किराणा बंद. ते सगळं त्यांनी सांगितलं. पोरं सिनेमा पाहताना मोबाईल चाळत होती, पण वडील बोलताना एकानेही मोबाईल काढला नाही. आमच्या बारा सिनेमांच्या यादीत सोळा वर्षांच्या या लढ्यावरचा एकही सिनेमा नव्हता. हे मला त्या रात्री फार बोचलं.

सहावा, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००). ॲटनबरोंच्या १९८२ च्या 'गांधी'त बाबासाहेबांचं पात्रच नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सिनेमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. महापरिनिर्वाणानंतर ४४ वर्षांनी, सरकारी पैशावर, जब्बार पटेलांनी तो केला. मामुट्टींना त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चवदार तळ्याचा प्रसंग आला तेव्हा विहारात म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धन चौदा वर्षं कॅमेरा घेऊन फिरले. तीन तासांहून मोठा हा चित्रपट आम्ही दोन रात्रींत पाहिला. यात नट नाहीत. डफ, शाहीर आणि वस्ती आहे. म्हणजे जलसा शेवटी कॅमेऱ्यापर्यंत पोचला.

मग आला 'फँड्री'. नागराज मंजुळे हा सीनेच्या पलीकडचा, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस. परंड्यातल्या पोरांना त्याची भाषा समजावून सांगावी लागत नाही. कैकाडी समाजातला जब्या, त्याचं डुक्कर, शाळेतून राष्ट्रगीत सुरू झाल्यावर हातचं डुक्कर सोडून सरळ उभं राहिलेलं घर, आणि बाबासाहेब-सावित्रीबाईंची चित्रं असलेल्या भिंतीसमोरून डुक्कर टांगून चाललेली माणसं. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याकडे येतो. 'अंकुर'मधल्या पोराला नाव नव्हतं. चाळीस वर्षांनी त्याच दगडाला नाव मिळालं, आई-बाप मिळाले, गाव मिळालं, कारण आता गोष्ट सांगणारा आतला होता.

पण इतिहास सिनेमाच्या चालीने चालत नाही. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित झाला. २८ एप्रिल २०१४ ला शेजारच्याच जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, १७ वर्षांच्या नितीन आगेला मराठा मुलीशी बोलण्याच्या संशयावरून मारून टाकलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. कितीतरी साक्षीदार फितूर झाले होते.

'कोर्ट' (२०१४) पाहताना म्हणून कुणाला कंटाळा आला नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमात लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. तारखेवर तारीख पडते, शाहीर कोठडीत जातो आणि न्यायाधीश सुट्टीत सहलीला जाऊन बाकावर झोपतो. वीरादादा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. सिनेमानंतर आम्ही त्यांना उभं राहून जय भीम केला.

'सैराट'च्या वेळी मात्र वाद झाला. हा सिनेमा सगळ्यांनी २०१६ सालीच पाहिलेला होता. दोन-तीन आयांचं म्हणणं पडलं की दाखवा, पण शेवटची दहा मिनिटं दाखवू नका. एक आई म्हणाली, "माझा पोरगा कॉलेजला जातो. त्याला भ्या दाखवताय का तुम्ही?" दुसरी म्हणाली, "नाय दाखवलं तर भ्या जाणार हाय का?" मत घेतलं. शेवट दाखवायचं ठरलं. रक्ताची पावलं उमटवत ते लेकरू बाहेर गेलं आणि बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. मग एका पोराने विचारलं, "सर, म्हणजे आपण प्रेम करायचंच नाही का?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्याच्या सिनेमाने थोडं दिलं. मारी सेल्वराज यांचा तमिळ 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८), पा. रंजित यांच्या संस्थेची निर्मिती. वस्तीतली एक बी.ए.ची मुलगी इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगत होती. गंमत अशी की नायक परियनलाही वकिलीच्या वर्गात इंग्रजीच नडतं! मैत्रिणीचे नातलग त्याला जिवे मारायला निघतात. तो वाचतो. आणि मुलीच्या बापाला समोरासमोर सांगतो की तुम्ही आहात तसेच राहिलात आणि मी कुत्र्यासारखं राहावं असं मानत राहिलात, तर काहीच बदलणार नाही. शेवटी टेबलावर चहाचे दोन ग्लास आणि मध्ये एक फूल. परियन मरत नाही, मारत नाही, कॉलेज सोडत नाही. माझा वर्षातला सर्वांत आवडता सिनेमा हाच. त्या पोराला मी म्हणालो, "प्रेम कर, पण आधी परीक्षा दे आणि एकटा राहू नकोस. आम्ही आहोत."

बारावा 'झुंड' (२०२२). पडद्यावर डीजेसकट भीमजयंती, आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा अमिताभ बच्चन. पोरांनी शिट्ट्यांनी विहार डोक्यावर घेतला. चळवळीतल्या काहींना हा बाजार वाटतो. मला वाटतं, ज्या भांडवलाने ८० वर्षं आपल्याला दारात उभं केलं, त्याच भांडवलाकडून आपला माणूस आपली गोष्ट करून घेतोय. सावध राहू, पण नाक मुरडायचं कारण नाही.

तर काका, सिनेमे का पाहिले? पुस्तकातून इतिहास कळतो, तसा तो या शेवटांमधूनही कळतो. कस्तुरी मेली, सुजाताने रक्त दिलं, जब्याने दगड मारला, परियनने अट घातली. हा बदल कुणाच्या दयेने झाला नाही. शाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, नामांतर, या सगळ्यांतून एक पिढी शिकली आणि तिच्यातला एखादा कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला.

शेवटच्या रात्री चादर काढताना एका ताईने विचारलं, "बारा सिनेमे झाले. यातला एखादा बाईनं काढलाय का?" मी यादी पुन्हा मनात मोजली. एकही नाही. बारापैकी बाराही पुरुषांचे. आर्चीची, सुजाताची, कस्तुरीची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण पुरुषच. यादी मीच केली होती, तेव्हा दोष माझाही आहे.

म्हणून यंदा दोन गोष्टी ठरल्यात. पुढची यादी ती ताई आणि बी.ए.ची मुलगी मिळून करणार. आणि प्रोजेक्टरच्या भाड्यातून जे वाचेल त्यातून एक माईक घ्यायचा, १९७८ पाहिलेली जी माणसं आपल्या वस्त्यांत अजून आहेत त्यांना, आधी म्हाताऱ्या बायांना, मोबाईलवर बोलतं करायचं. माझ्या वडिलांपासून सुरुवात झालीय, पण आई म्हणते, दळण बंद होतं तेव्हा जातं कुणी ओढलं ते त्यांना ठाऊक नाही. तुमच्या गावातही अशी माणसं असतील. ती जायच्या आत त्यांच्यासमोर बसा.

जय भीम!