टोयोटा २००० जीटी : अस्सल साधन म्हणून एका मोटारगाडीचा विचार

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी एवढ्यांचाच बोध सामान्यतः होतो. यंत्रयुगाच्या इतिहासास मात्र ही साधने पुरी पडत नाहीत. ह्या युगाने निर्माण केलेले यंत्र हेच त्याच्या इतिहासाचे पहिले साधन होय. आणि असे साधन पुष्कळदा दप्तरखान्यात न सापडता बाजारात सापडते. जपानमधील टोयोटा कंपनीची ‘टोयोटा २००० जीटी’ ही दोन आसनांची कूपे, म्हणजे मागे उतरत गेलेल्या बंद छपराची मोटार, १९६७ ते १९७० ह्या काळात विक्रीसाठी तयार होत होती. तिची चांगली जपलेली एखादी प्रत विक्रीस निघाली, की तिला काय किंमत आली ह्याची चर्चा फार होते. त्या गाडीच्या अंगावर कोणता इतिहास नोंदलेला आहे, आणि विक्रीनंतर त्या नोंदीचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत विवेचनाचा विषय तो आहे.

ही गाडी का निर्माण झाली हे समजण्यासाठी तिच्या आधीची पंधरा-सोळा वर्षे ध्यानात घेतली पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानवर दोस्तांचा लष्करी अंमल आला आणि प्रवासी मोटारींच्या उत्पादनावर निर्बंध बसले. ते ऑक्टोबर १९४९ मध्ये उठले. लगेच १९५० साली टोयोटा कंपनी आर्थिक संकटात सापडली, कामगारांचा मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा ह्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. १९५५ साली ‘क्राउन’ ही मोटार बाजारात आली. १९५७ साली तिची अमेरिकेस निर्यात सुरू झाली खरी. परंतु तेथील राजमार्गांवर दीर्घकाळ वेगाने धावणे तिच्या इंजिनास झेपेना, आणि १९६० साली ती निर्यात थांबवावी लागली. जपानी मोटार स्वस्त असेल, पण ती दुय्यम प्रतीची, असा समज परदेशांत दृढ होण्यास ह्या अनुभवाने हातभार लावला.

ह्यानंतरच्या पाच वर्षांत परिस्थिती झपाट्याने पालटली. १९६२ साली सुझुका येथे शर्यतीचा मार्ग बांधून झाला. १९६३ साली देशातील पहिल्या द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. १९६४ साली तोक्योमध्ये ऑलिंपिक सामने भरले आणि त्याच वर्षी जपान आर्थिक सहकार व विकास संघटनेचा सभासद झाला. ह्या सभासदत्वाबरोबर व्यापार खुला करण्याची जबाबदारीही आली. त्यानुसार ऑक्टोबर १९६५ मध्ये प्रवासी मोटारींच्या आयातीवरील संख्येचे बंधन उठविण्यात आले. जकात राहिली, तरी परदेशी मोटारींना दार उघडले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या तोक्यो मोटार प्रदर्शनात २००० जीटीचा पहिला नमुना लोकांसमोर आला. एकाच महिन्यात घडलेल्या ह्या दोन गोष्टींत प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध होता असे म्हणता येणार नाही. कारण गाडीची आखणी त्यापूर्वीच सुरू झाली होती. तथापि दोहोंमागील काळजी एकच होती. परकी माल देशात येणार, त्याच्यापुढे स्वदेशी कसब कमी पडत नाही हे दाखविणे अवश्य होते.

हे कसब टोयोटाने एकट्याने दाखविले नाही. गाडीच्या घडणीत यामाहा ह्या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. यामाहाचे मूळ वाद्यनिर्मितीत आहे. तोराकुसु यामाहा ह्यांनी १८८७ साली एक बिघडलेले ऑर्गन दुरुस्त केले, त्यातून वाद्यांचा कारखाना उभा राहिला, आणि १९५५ साली त्याच घराण्यातून मोटारसायकली तयार करणारी स्वतंत्र कंपनी निघाली. ह्या कंपनीने प्रथम निस्सान कंपनीबरोबर एका वेगवान गाडीचा प्रकल्प हाती घेतला होता. तो १९६४ साली सुटला. त्यानंतर तिचा टोयोटाशी संबंध जुळला. टोयोटाकडून प्रकल्पाचे नेतृत्व जिरो कावानो ह्यांच्याकडे, आणि बाह्याकृतीचे काम सातोरु नोझाकी ह्यांच्याकडे होते. क्राउनसाठी बनविलेल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनावर यामाहाने दोन कॅमशाफ्टचे नवे शीर्ष बसविले आणि त्यातून १९८८ घनसेंटिमीटरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन सिद्ध झाले. पाच गतींचा गिअरबॉक्स, चारही चाकांना स्वतंत्र निलंबन व डिस्क ब्रेक ही रचना त्या काळच्या जपानी मोटारींत नवीन होती. गाडीची उंची अवघी १,१६० मिलिमीटर, आणि कंपनीने घोषित केलेला परमवेग ताशी २२० किलोमीटर होता. चालकासमोरील फळीवर शिसवाच्या जातीच्या लाकडाचा पातळ पत्रा बसविलेला असे. हे लाकूडकाम वाद्ये बनविणाऱ्या यामाहाच्या कसबातून आले होते. पियानोची परंपरा मोटारीच्या आत कशी उतरली ह्याचा हा पत्रा म्हणजे साक्षात पुरावा होय.

बाह्याकृतीसंबंधी एक प्रवाद येथे नोंदविला पाहिजे. निस्सान-यामाहा प्रकल्पाशी आल्ब्रेख्त गोर्ट्‌झ ह्या जर्मन वंशाच्या आकारकाराचा संबंध आला होता. त्यावरून २००० जीटीची आकृतीही मूळ त्याचीच, असे पाश्चात्त्य लेखनात दीर्घकाळ सांगितले जात होते. टोयोटाकडील नोंदी हे श्रेय नोझाकी ह्यांना देतात. ब्रिटिश ‘जॅग्वार ई-टाइप’ ह्या १९६१ च्या गाडीशी तिचे साम्य दिसते हे खरे. परंतु एका गाडीचे दुसरीशी साम्य असणे निराळे आणि तिचा कर्ता परका असणे निराळे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी बखरी आणि अस्सल कागद ह्यांत जो भेद करावयास शिकविले, तोच येथे लागू पडतो. प्रवाद ही बखर, समकालीन नोंद आणि प्रत्यक्ष वस्तू हे अस्सल साधन. जपानी हातून असे काम होणार नाही हे आधीच गृहीत धरल्यामुळे ही बखर इतकी वर्षे टिकली.

विक्रीस येण्यापूर्वीच गाडीची परीक्षा झाली होती. १९६६ च्या ऑक्टोबरात याताबे येथील वर्तुळमार्गावर एक गाडी रात्रंदिवस धावविण्यात आली. वादळी पावसातही धाव थांबली नाही. ७२ तासांची सरासरी ताशी २०६.०२ किलोमीटर पडली. ७२ तास, १५,००० किलोमीटर आणि १०,००० मैल असे तीन जागतिक, आणि तिच्या वर्गातील १३ आंतरराष्ट्रीय विक्रम तिच्या नावावर लागले. १९५७ ची क्राउन जेथे थकली, नेमक्या त्याच दीर्घ वेगाच्या कसोटीवर ही गाडी उतरली, हा ह्या विक्रमांचा खरा अर्थ. पुढच्याच वर्षी मोन्झा येथे पोर्शेने ह्यांतील मोठे विक्रम मोडले. १९६७ साली प्रदर्शित झालेल्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ ह्या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी दोन गाड्यांचे छप्पर काढण्यात आले. उंच नायक ठेंगण्या छपराखाली नीट मावेना, असे त्याचे कारण सांगितले जाते. १९६८ साली अमेरिकेत कॅरोल शेल्बी ह्यांच्या पथकाने ती एका मोसमापुरती शर्यतीत उतरविली.

एवढी ख्याती असूनही गाड्या थोड्याच झाल्या. बहुतेक ग्रंथ एकूण संख्या ३५१ देतात; ३३७ असाही आकडा आढळतो. कोणत्या नमुन्यांची गणना करावयाची ह्यावर आकडा पालटतो. जोडणी यामाहाच्या कारखान्यात होई आणि तीत हातकारागिरीचा वाटा मोठा असे. जपानातील किंमत २३ लाख ८० हजार येन होती. १९६६ साली निघालेल्या साध्या ‘कोरोला’ची किंमत ४ लाख ३२ हजार येन होती, म्हणजे एका २००० जीटीच्या मोलात साडेपाच कोरोला आल्या असत्या. कंपनीचा नफा कोरोलातून येणार होता. २००० जीटीने मिळवावयाची होती ती पत. म्हणून तिची दुर्मिळता हा नंतरच्या काळाचा अपघात नव्हे. ती जन्मतःच दुर्मिळ होती.

पत आणि किंमत ह्यांचा पुढील प्रवास लक्षणीय आहे. डॉलरला ३६० येन ह्या तत्कालीन दराने मूळ किंमत सुमारे ६,६०० डॉलर होते. २०१३ साली अमेरिकेतील एका लिलावात १९६७ ची एक २००० जीटी ११ लाख ५५ हजार डॉलरला गेली. म्हणजे, चलनवाढ हिशेबात न धरता, मूळच्या सुमारे १७५ पट. २०२२ साली शेल्बी पथकाकडील एका गाडीस २५ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. पूर्वी युरोपीय गाड्यांसाठी राखलेले स्थान जपानी गाडीस मिळाले, एवढी गोष्ट ह्या आकड्यांवरून सिद्ध होते. परंतु येथूनच इतिहासाची अडचण सुरू होते.

विक्रीच्या वेळी जाणते ग्राहक पुढील गोष्टी तपासतात : सांगाड्यावरील क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक मूळ जोडीचे आहेत की नाहीत, रंग कारखान्यातला आहे की नंतरचा, लाकडी फळी, घड्याळे, आसनांचे आच्छादन आणि काचा मूळच्या आहेत काय, मालकी कोणाकडून कोणाकडे गेली त्याचे कागद सलग आहेत काय. १९६९ साली समोरच्या दिव्यांत आणि आतील मांडणीत काही फेरफार झाले. त्यावरून गाडी पूर्वार्धातील की उत्तरार्धातील हे ओळखता येते. ही परीक्षा आणि जुन्या कागदाची परीक्षा ह्यांत तत्त्वतः भेद नाही. कागदाचा पोत, शाई, वळण आणि शिक्का पाहणारा संशोधक हेच करीत असतो. कित्येकदा विक्रीच्या निमित्तानेच घरात पडून राहिलेली पावती, दुरुस्तीची वही किंवा जुने छायाचित्र उजेडात येते. ह्या दृष्टीने बाजार हा इतिहासाचा मित्र आहे.

तोच बाजार शत्रूही ठरतो. मोठी किंमत मोजणाऱ्यास गाडी झगझगीत हवी असते. ती सर्वस्वी उकलून, पत्रा खरवडून, नव्याने रंगविली म्हणजे डोळ्यांस सुखावते. पण त्या खरवडण्यात पत्र्यावरील हातोडीच्या खुणा, कारखान्यातील रंगाचे थर, कारागिराने भागांवर केलेल्या खुणा आणि वापराने झालेली झीज ही सारी नष्ट होतात. हस्तलिखिताचे अस्पष्ट शब्द नव्या शाईने गिरविण्यासारखेच हे आहे. पोथी वाचता येते, पण ती कोणाची उरते, हा प्रश्न राहतो. साडेतीनशेच्या संख्येत अशी एकेक प्रत गेली, तर १९६७ च्या जपानी कारागिरांनी पत्रा कसा वळविला आणि जोड कसे लपविले हे प्रत्यक्ष पाहण्याचे साधन लवकरच दुर्लभ होईल. याताबेच्या विक्रमाची आठवण म्हणून टोयोटाच्या नागाकुते येथील संग्रहालयात ठेवलेली गाडी ही प्रतिकृती आहे, हे येथे आठवावे. तिच्यावरून आकार कळतो. ७२ तासांच्या धावेने धातूवर काय केले हे ती सांगू शकत नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. मोटार चालण्यासाठी असते. रबरी नळ्या कुजतात, टायर कडक होतात, ब्रेक अडकतात. काहीच बदलावयाचे नाही असे ठरविले तर गाडी मृतवत होईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तुरीन सनद ह्या नावाने जी तत्त्वे स्वीकारली, तीत जतन, संरक्षण आणि जीर्णोद्धार ह्यांत भेद केला आहे. वास्तुस्मारकांसाठी १९६४ साली व्हेनिस येथे मान्य झालेल्या सनदेचा आधार तिला आहे. जेथे प्रमाण संपून तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, हे त्या परंपरेचे मुख्य सूत्र. २०२० साली टोयोटाने २००० जीटीचे काही सुटे भाग पुन्हा बनविण्यास आरंभ केला, ह्याचेही स्वागतच केले पाहिजे. नवा भाग बसवावा, परंतु काढलेला जुना भाग खुणेसह जपून गाडीबरोबर द्यावा, आणि काय बदलले त्याची टिपणे ठेवावीत, एवढा नियम पाळला तरी चालती गाडी आणि अस्सल साधन ह्यांतील विरोध बराच कमी होतो.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष असा. २००० जीटीचे महत्त्व तिच्या वेगात नाही. तिच्याहून वेगवान गाड्या तेव्हाही होत्या. दुय्यम समजल्या गेलेल्या एका उद्योगाने स्वतःविषयीचे मत बदलण्यासाठी, नफ्याची आशा बाजूस ठेवून, जे प्रमाण जगापुढे मांडले ते ती गाडी होय. हे प्रमाण कागदावर लिहिलेले नाही. ते पत्र्यात, लाकडात आणि इंजिनात आहे. अशी जपलेली गाडी विक्रीस येते तेव्हा एक सनदच हातोहात होत असते. ती विकत घेणारा पैशाने तिचा मालक होतो. पण तिच्यातील नोंदीपुरता तो केवळ राखणदार असतो. रंगाचा एखादा ओरखडा तसाच राहू दिल्याने लिलावातील बोली थोडी उतरेल. उद्याच्या अभ्यासकास मात्र तो ओरखडाच वाचावयाचा आहे.