मुंगो नावाची खार आणि स्वातंत्र्याचा एक मृत्युलेख

#थ्रेड

२६ सप्टेंबर १७७२. लंडन. बेंजामिन फ्रँकलिन एक सांत्वनपत्र लिहीत होते. वय ६६. विजेवरील प्रयोगांमुळे युरोपभर ख्याती झालेली, पेन्सिल्व्हेनियासह अनेक अमेरिकन वसाहतींची बाजू ब्रिटिश सरकारपुढे मांडण्याची जबाबदारी अंगावर. आणि पत्राचा विषय काय, तर एका पाळीव खारीचा मृत्यू.

तिचे नाव मुंगो. (आपल्या मुंगसाशी या नावाचे नाते जोडण्याचा मोह आवरावा. इंग्रजीत मुंगसासाठी जो शब्द रूढ आहे तो मात्र मराठीतूनच तिकडे गेला.)

अठराव्या शतकातील अमेरिकन वसाहतींमध्ये खार पाळणे हे मुळीच विक्षिप्तपणाचे लक्षण नव्हते. घरट्यातून पिल्ले काढून आणायची, हाताने भरवून माणसाळवायची आणि घरातच वाढवायची, अशी रीत होती. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तिला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. लाकडी पिंजरा तिच्यापुढे टिकणे कठीण, म्हणून पत्र्याचे आणि तारेचे पिंजरे वापरले जात. बाहेर काढताना गळ्यात बारीक साखळी असे.

ती साखळी आजही पाहता येते. बॉस्टनचे चित्रकार जॉन सिंगलटन कॉपली यांनी १७६५ मध्ये आपला सावत्र भाऊ हेन्री पेल्हॅम याचे चित्र रंगवले. मुलगा टेबलाशी बसला आहे, बोटांत सोन्याची नाजूक साखळी आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी उडती खार आहे. पुढल्याच वर्षी हे चित्र लंडनच्या प्रदर्शनात झळकले आणि कॉपली यांचे नाव महासागरापलीकडे पोहोचले. कवच फोडून गर मिळवणारी खार ही चिकाटीची खूण मानली जाई, असे काही कला-इतिहासकार सांगतात. चित्र पाहताना मात्र नजर आधी जाते ती साखळीकडे.

मुंगो ही अशाच जगातून आलेली करडी अमेरिकन खार. फ्रँकलिन यांच्या सांगण्यावरून त्यांची पत्नी डेबोरा हिने ती फिलाडेल्फियाहून जहाजाने पाठवली होती. स्वतः डेबोराने समुद्रप्रवासाच्या धास्तीने अटलांटिक कधीच ओलांडला नाही. खारीने ओलांडला.

इंग्लंडमध्ये ती पोहोचली जॉर्जियाना शिप्ली या किशोरवयीन मुलीकडे. जॉर्जियानाचे वडील जोनाथन शिप्ली हे सेंट असाफचे बिशप आणि फ्रँकलिन यांचे जिवलग स्नेही. फ्रँकलिन यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले ते १७७१ मध्ये, याच कुटुंबाच्या ट्वायफर्ड येथील घरी. पुढे जॉर्जियानाची बहीण ॲना मारिया हिने विल्यम जोन्स यांच्याशी विवाह केला आणि ती कलकत्त्याला आली. एशियाटिक सोसायटीचे संस्थापक, शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतरकार, तेच हे जोन्स.

मुंगो एके दिवशी पिंजऱ्यातून निसटली आणि रेंजर नावाच्या कुत्र्याने तिला मारले.

फ्रँकलिन यांनी जॉर्जियानासाठी थेट मृत्युलेख रचला. यमक त्यांनी हेतुपुरस्सर टाळले; थोरामोठ्यांच्या समाधीवर कोरावी तशी भारदस्त, गद्याच्या अंगाने जाणारी भाषा वापरली. तारेच्या किल्ल्यात मुंगोला मांजराचे भय नव्हते, रोज मालकिणीच्या हातून उत्तमोत्तम खाणे मिळत होते. तरीही तिला अधिक स्वातंत्र्य हवे झाले. ते मिळाले आणि तिचा घात झाला. प्रजाजन असोत, मुलगे असोत, खारी असोत वा मुली असोत, आंधळेपणाने अधिक मोकळीक मागणाऱ्या साऱ्यांनी यातून एवढे जाणावे की वरकरणी जे बंधन भासते तेच खरे संरक्षण असू शकते, असा त्याचा शेवट.

हे लिहिणारा माणूस चार वर्षांनी अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करतो!

हा मजकूर गंभीर राजकीय मत म्हणून वाचणे चूक ठरेल. भारदस्त शैली एका खारीवर उधळण्यात त्यांना मौज वाटत होती. याच पत्रात त्यांनी नमुन्यादाखल एक बालिश चारोळीही दिली आहे. पण तो निव्वळ विनोद म्हणून सोडून देणेही घाईचे होईल. १७७२ मधील फ्रँकलिन बंडखोर नव्हते. वसाहती आणि ब्रिटन यांचे नाते सांधता येईल, अशी आशा त्यांना अजून होती. पालकाच्या छत्राखाली प्रजा सुखी राहते, ही साम्राज्याची नेहमीची भाषा होती. ती त्यांना इतकी पाठ होती की खारीच्या थडग्यावरही लिहिता आली.

त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, २ डिसेंबर १७७२ रोजी, त्यांनी बॉस्टनला एक पुडके गुपचूप रवाना केले. त्यात मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांची जुनी खाजगी पत्रे होती. वसाहतींतील तथाकथित इंग्रजी स्वातंत्र्यांना कात्री लावावी लागेल, असे हचिन्सन यांनी त्यांपैकी एका पत्रात लिहिले होते. मृत्युलेखातली थट्टा इथे एक गव्हर्नर गंभीरपणे मांडत होता.

पत्रे १७७३ मध्ये छापली गेली आणि बॉस्टन पेटले. २९ जानेवारी १७७४ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर फ्रँकलिन यांची भर सभेत निर्भर्त्सना झाली. त्यांनी अवाक्षर काढले नाही. लगोलग त्यांचे पोस्टखात्यातील पदही गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी इंग्लंड सोडले. डेबोरा त्यापूर्वीच, डिसेंबर १७७४ मध्ये, वारली होती.

मृत्युलेखातील ती यादी आता पुन्हा वाचावी. प्रजाजन म्हणाल तर ते स्वतः फ्रँकलिनच. त्यांनी राजाची प्रजा असणेच नाकारले. मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर होता. त्याने बाप सोडला, राजाला सोडले नाही. १७७६ मध्ये त्याला अटक झाली, आणि पितापुत्रांचे नाते पुढे कधीच पूर्ववत झाले नाही.

आणि मुलगी? फ्रँकलिन फ्रान्समध्ये, शत्रूच्या गोटात, अमेरिकेसाठी मदत मिळवत असताना जॉर्जियाना त्यांना इंग्लंडहून पत्रे लिहीत राहिली. काही तर घरच्यांना कळू न देता.

मुंगोनंतर तिच्यासाठी अमेरिकेहून दुसरी खार आली होती. फेब्रुवारी १७७७ मधील पत्रात तिची खबर आहे: अमेरिकन खार अजून जिवंत आहे, घरात तिचे खूप लाड होतात, बिचारी म्हातारी झाली आहे, एक डोळा गेला आहे, पण बागडणे पूर्वीसारखेच चालू आहे.