चेंबूरच्या घरासाठी स्प्लिट एसी कसा निवडायचा? तो स्वतः बसवता येतो का?

मार्च उजाडला की समाजमाध्यमांवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरू लागतात. पहिल्यात कुठला एसी घ्यावा याचे सल्ले असतात. दुसऱ्यात अमेरिकेतला एखादा घरमालक ड्रिल आणि पाना घेऊन भिंतीवर एसीसारखे यंत्र दोन-तीन तासांत स्वतःच बसवताना दिसतो. हे पाहून मेकॅनिकचे पैसे वाचवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. चेंबूरमधल्या घरात हे जमेल का, आणि त्याआधी यंत्र निवडताना काय पाहावे, याची ही माहिती.

‘डक्टलेस हीट पंप’ म्हणजे काय?

आपण ज्याला स्प्लिट एसी म्हणतो, त्याचाच हा भाऊ. एसी थंडी ‘तयार’ करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतल्या कॉइलमध्ये गॅसची वाफ होते आणि ती खोलीतली उष्णता शोषते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ती पुन्हा द्रवरूप होऊन उष्णता सोडते. यात उलट फिरवणारा एक व्हॉल्व्ह जोडला की तेच यंत्र हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणते. त्याला परदेशात हीट पंप म्हणतात आणि आपल्याकडे ‘हॉट अँड कोल्ड’ एसी म्हणून विकतात.

मुंबईत नोंदवलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि तेही २२ जानेवारी १९६२ चे. एरवी इथला हिवाळा पंखा बंद केला की संपतो. त्यामुळे चेंबूरच्या घरासाठी गरम हवेच्या सोयीवर जास्त पैसे घालण्याचे कारण नाही. फक्त थंड करणारा स्प्लिट किंवा विंडो एसी पुरतो.

किती टनाचा घ्यावा?

‘टन’ हे यंत्राचे वजन नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये ती सुमारे ३.५ होते.

ढोबळ हिशोब असा: १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांच्या खोलीला दीड टन. मात्र चेंबूरमध्ये घरे एकसारखी नाहीत. टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगरमधल्या म्हाडाच्या जुन्या इमारती, पुनर्विकासातले उंच टॉवर आणि झोपडपट्टी पुनर्वसनातली २२५, २६९ किंवा ३०० चौरस फुटांची घरे, सगळे इथे सापडते. त्यामुळे पुढच्या गोष्टी पाहाव्यात:

• वरचा मजला असेल आणि गच्ची तापत असेल, तर गरज वाढते.
• पश्चिमेला मोठी काचेची खिडकी असेल, तरीही वाढते. जाड पडदा लावला की थोडी कमी होते.
• एकाच खोलीत स्वयंपाकघर असेल, तर गॅसच्या शेगडीची उष्णता एसीला वाहून न्यावी लागते. तिथे आडपडदा किंवा सरकते दार हवे.
• खोलीत रोज किती माणसे झोपतात, तेही मोजावे.

गरजेपेक्षा मोठा एसी घेणे हा सुरक्षित पर्याय वाटतो, पण मुंबईत तो उलटतो. मोठे यंत्र खोली झटकन थंड करते आणि कॉम्प्रेसर थांबतो. हवेतला दमटपणा काढायला कॉइल बराच वेळ थंड राहावी लागते. ती तशी राहिली नाही की खोली गार होते, पण चिकटपणा तसाच राहतो.

३ स्टार की ५ स्टार?

ऊर्जा दक्षता ब्यूरोची, म्हणजे बीईईची, स्टार लेबल योजना २००६ मध्ये सुरू झाली. इन्व्हर्टर एसींना हे लेबल १ जानेवारी २०१८ पासून सक्तीचे आहे. लेबलवर ‘आयसीर’ हा आकडा असतो. वर्षभरात काढलेली उष्णता भागिले खाल्लेली वीज, म्हणजे हा आकडा. तो जितका मोठा, तितकी वीज कमी.

दोन गोष्टी लेबल वाचताना निसटतात. पहिली म्हणजे लेबलचे वर्ष. स्टारचे निकष ठरावीक वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचा ५ स्टार नव्या वर्षाच्या ५ स्टारइतका काटकसरी असेलच असे नाही. दुकानात सवलतीत मिळणारा माल अनेकदा मागच्या वर्षाच्या लेबलचा असतो. तुलना करताना स्टार सोडून थेट आयसीर पाहावा.

दुसरी गोष्ट म्हणजे तास. लेबलवरची वार्षिक युनिट्स १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. एक उदाहरण घेऊ. दीड टनाच्या दोन एसींच्या लेबलांत २२५ युनिटांचा फरक आहे आणि किमतीत ८,००० रुपयांचा. युनिटला १० रुपये धरले तर १,६०० तास वापरणाऱ्याचे वर्षाला २,२५० रुपये वाचतात आणि जादा किंमत साडेतीन वर्षांत वसूल होते. जो एसी फक्त एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या रात्री, वर्षात ५०० तासच चालतो, त्यात वर्षाला ७०० रुपये वाचतात. वसुलीला अकरा वर्षे लागतात. म्हणजे घरात एसी किती तास चालणार, यावर उत्तर ठरते.

इथे वीजबिलाची रचनाही समजून घ्यावी. चेंबूरमध्ये घरगुती वीज मुख्यतः अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर यांच्याकडून येते. घरगुती दर ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या पुढे अशा टप्प्यांत वाढतात. दिवे, पंखे, फ्रिज तर चालणारच, त्यामुळे एसीची युनिट्स त्यांच्यावर चढतात आणि महागड्या टप्प्यात मोजली जातात. हिशोब करताना बिलाचा सरासरी दर न घेता वरच्या टप्प्याचा दर घ्यावा.

कॉइल, गॅस आणि चेंबूरची हवा

माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यातले तेलशुद्धीकरण कारखाने, आरसीएफचा खत कारखाना आणि जवळची खाडी यांमुळे इथली हवा शहराच्या इतर भागांपेक्षा वेगळी आहे. गंधकयुक्त वायू आणि अमोनिया तांब्यावर परिणाम करतात, तर खारी हवा अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांना खाते. म्हणून तांब्याची कॉइल आणि तिच्या पात्यांवर गंजरोधक लेप असलेले यंत्र घ्यावे. बाहेरचे युनिट वर्षातून किमान दोनदा पाण्याने धुऊन घ्यावे. गॅसगळतीबद्दल वॉरंटीत काय लिहिले आहे, तेही वाचावे.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवतो. त्याची जाळी धूळ अडवते, पण रासायनिक वास किंवा वायू अडवण्यासाठी ती नसते.

गॅसचा विचार करता सध्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-३२ असतो आणि काहींमध्ये आर-२९०. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, तो सहज पेट घेतो. आर-३२ कमी ज्वलनशील आहे, पण पेटतच नाही असे नाही. पुढच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे.

मग स्वतः बसवता येतो का?

अमेरिकेतल्या व्हिडिओंतली यंत्रे त्यासाठीच बनवलेली असतात. त्यांच्या नळ्यांत कारखान्यातच गॅस भरलेला असतो आणि टोकांना झटकन जुळणारे जोड असतात. घरही बहुधा बैठे असते आणि बाहेरचे युनिट अंगणातल्या जमिनीवर ठेवले जाते.

आपल्याकडच्या स्प्लिटमध्ये गॅस बाहेरच्या युनिटमध्ये असतो आणि तांब्याच्या नळ्या रिकाम्या येतात. त्या कापून, टोके पसरवून, नट योग्य जोराने आवळावे लागतात. मग नळ्यांतली हवा आणि बाष्प व्हॅक्यूम पंपाने पूर्ण काढावे लागते. त्यानंतरच गॅस सोडायचा. पंप, मापक आणि पसरणीचे हत्यार विकत घेतले, तर एका एसीसाठी ते बसवणीच्या खर्चापेक्षा महाग पडते. आर-३२ चा दाब यंत्र बंद असतानाही ३० अंशांना वातावरणाच्या सुमारे १९ पट असतो, आणि द्रव गॅस उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. तो त्वचेवर उडाला की भाजल्यासारखी जखम होते. शिवाय अनेक कंपन्यांची वॉरंटी अधिकृत माणसाने बसवल्यावरच लागू होते.

सगळ्यात मोठा धोका उंचीचा आहे. चौथ्या-पाचव्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून तीसेक किलोचे युनिट ब्रॅकेटवर ठेवणे हे सुरक्षा पट्ट्याशिवाय करायचे काम नाही. त्यात खालून जाणाऱ्याचाही जीव असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात वरून पडलेल्या आउटडोअर युनिटखाली सापडून एका तरुणाचा मृत्यू झाला. जुन्या इमारतीच्या भुसभुशीत भिंतीत किंवा गंजलेल्या ग्रिलवर युनिट टांगणे म्हणजे त्याच धोक्याला बोलावणे.

थोडक्यात, स्प्लिट एसी स्वतः बसवू नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला खरोखरच भिंत फोडायची नसेल, तर चाकांचा पोर्टेबल एसी हा स्वतः लावता येणारा पर्याय आहे. गरम हवेची नळी खिडकीतून बाहेर काढली की झाले. पण तो आवाज जास्त करतो आणि तेवढ्याच गारव्याला वीज जास्त घेतो.

बसवण्याआधी घरात काय तपासावे?

• वायरिंग: एसीसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, चांगले अर्थिंग आणि कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला एमसीबी हवा. पंखा-टीव्हीच्या सॉकेटवर एसी लावू नये. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करावे.
• मंजूर भार: तो वीजबिलावर छापलेला असतो. दुसरा-तिसरा एसी घेताना तो पुरतो का, हे पाहावे.
• सोसायटी: आउटडोअर कुठे लावायचा, याची परवानगी आधी लेखी घ्यावी. नव्या टॉवरमध्ये त्यासाठी ठरलेली जागा असते.
• डक्टमधला आउटडोअर: अनेक इमारतींत सगळी युनिट्स एका अरुंद डक्टमध्ये लागतात. खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यांच्या एसीला तीच हवा मिळते. मग वीज वाढते आणि गारवा घटतो. शक्य असेल तर मोकळी जागा निवडावी.
• पाण्याची नळी: दमट दिवसांत एसी तासाला लिटरभर पाणीही टाकतो. नळीला सलग उतार हवा आणि तिचे तोंड शेजाऱ्याच्या पत्र्यावर नको. सोसायटीतली निम्मी भांडणे इथून सुरू होतात.

मेकॅनिक आल्यावर काय पाहावे?

व्हॅक्यूम पंप आणला आहे का, हे आधी विचारावे. घाईत काही जण थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतात. यात गॅस कमी होतो, बाष्प आत राहते आणि पेटणारा गॅस घरात पसरतो. पंप निदान १५ ते २० मिनिटे चालावा आणि बंद केल्यावर मापकाचा काटा जागेवर राहावा. गॅस सोडल्यानंतर जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहावे. मेकॅनिक खिडकीबाहेर जाणार असेल तर त्याने पट्टा बांधल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये, मग उशीर झाला तरी चालेल.

घरच्यांनी स्वतः काय करावे?

जाळी दर दोन आठवड्यांनी धुवावी. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच येतात. ते तापमान उगाच १८ वर नेऊ नये. बीईईच्या मते एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि मंद पंखा हे मुंबईच्या रात्रीला बहुतेकांना पुरते. पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड वापरावा, त्या दिवसांत खरा त्रास दमटपणाचा असतो. आणि आउटडोअरच्या ब्रॅकेटचे बोल्ट दर वर्षी पावसाळ्याआधी माणूस बोलावून तपासून घ्यावेत. गंज दिसला तर ब्रॅकेट त्याच वेळी बदलावे.