मलकापूरची गाडी कोल्हापुरात शिरते तेव्हा

१९२० सालचा डिसेंबर. काल दुपारी मलकापुरातून निघालेल्या बैलगाडीत तुम्ही भाताच्या पोत्यांवर अंग टाकलंय. बांबवड्यात बैलांना वैरण झाली, पन्हाळ्याखालची वाट अंधारातच सरली, आणि आता गाडी पंचगंगेच्या दगडी पुलावर आहे. विशाळगडकरांच्या जहागिरीचं ठाणं असलेल्या मलकापुरात तुम्ही कुणाचे कोण, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. इथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. उतरा, आज दिवसभर नुसतं फिरायचं.

गंगावेशीजवळ एका तालमीचं दार दिसतंय. बुटकं आहे, वाकूनच आत जायचं. हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली. तिचा आंबूस, गार वास नाकात भरतो. दिवस उजाडायच्या आत पोरांच्या अंगावरून घामाचे ओघळ चाललेत. वस्ताद तुमच्याकडं बघतात.

“पावणं, गाव कुठलं?”

“मलकापूर.”

“मग घरचंच की! बसा, दूध घेतल्याबिगर जायचं न्हाई.”

ओळख एवढ्यावर पक्की होते.

तिथून खासबागेच्या कुस्ती मैदानात या. १९०२ साली शाहू महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधला प्राचीन आखाडा पाहिला. तसाच आखाडा कोल्हापुरात असावा असं त्यांच्या मनात आलं, आणि १९१२ साली हे मैदान तयार झालं. आज कुस्ती नाही, म्हणून अगदी वर, शेवटच्या रांगेत जाऊन बसा. जमीन चारी बाजूंनी बशीसारखी उतरत हौद्याकडं गेलीय. पुढं कितीही माणसं बसली, तरी कुणाचा फेटा तुमच्या नजरेच्या आड येणार नाही. गावाकडून पायी आलेल्या माणसालाही डाव नीट दिसावा, हा विचार इथं मातीत उतरवलाय. शेजारीच १९१५ साली उघडलेलं पॅलेस थिएटर. कुस्तीचा आणि नाटकाचा नाद असा भिंतीला भिंत लावून नांदतो.

दुपारी महाराष्ट्र फिल्म कंपनीत डोकवा. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवलाय. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, आणि याच वर्षी ‘सैरंध्री’ हा चित्रपट पुण्यात झळकला. ऊन कलायच्या आत चित्रण उरकायचं म्हणून सगळ्यांची धांदल चाललीय. पडेल ते काम करणारा एक शिकाऊ पोरगा तुमच्या अंगावरून धावत जातो. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे. पुढं त्याला सारा देश व्ही. शांताराम म्हणून ओळखेल.

दिवस कलताना गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात चहा घ्या. अस्पृश्य मानलेल्या या माणसाला सरकारी पागेत पाण्याला शिवले म्हणून मार खावा लागला होता. महाराजांनी मदत देऊन त्यांना हे दुकान घालून दिलं. लोक त्यांच्या हातचं प्यायला कचरत होते, तेव्हा महाराज स्वतःची गाडी दारात थांबवून चहा मागू लागले. कप हातात घ्या. आत्ता तुम्ही पिताय तो नुसता चहा नाही, हे तुम्हालाही कळतंय.

मोठ्या शहराची खरी ओढ हीच आहे. एका साध्या दिवसात, कुणी आवतण न देता, आपल्या नादात बुडालेली माणसं तुम्हाला भेटतात आणि जवळ बसवून घेतात. गावात ज्याला लोक खुळा म्हणतील, त्याला इथं जागा मिळते, गिऱ्हाईक मिळतं, कधी राजाही मिळतो.

आता आजच्या काळात या. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री तेच पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, आगीत जळालं, आणि कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. इमारती पुन्हा बांधता येतात. नाद मात्र माणसांनी जपावा लागतो. म्हणून मलकापूरकरांनो, पुढच्या वेळी कोर्टकचेरीचं काम उरकून लगेच परतीची एसटी धरू नका. एखादी कुस्ती बघा, एखाद्या नाटकाचं तिकीट काढा. हे शहर तुमच्यासारख्यांच्या येण्यानंच मोठं झालंय.