विभागीय भांडारांतील बंदूकविक्री

विभागीय भांडारांतील बंदूकविक्री : कपडे, भांडी, फर्निचर इ. गृहोपयोगी वस्तूंबरोबरच शिकारीच्या बंदुका व काडतुसे एकाच छपराखाली विकण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक जुनी व्यापारी प्रथा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालविक्रीतून ती रूढ झाली, १९२५ नंतर शहरांतील भांडारांत स्थिरावली आणि १९६८ च्या बंदूक नियंत्रण अधिनियमानंतर क्रमाक्रमाने ओसरली. प्रथा मावळल्यानंतर तिच्याविषयी स्मरणरंजनाची एक भावना अमेरिकन समाजात निर्माण झाली. शस्त्रे बाळगण्याच्या हक्कासंबंधीच्या राजकीय वादात या भावनेचा वारंवार आधार घेतला जातो. म्हणून ही प्रथा व तिची आठवण या दोहोंचा स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक ठरते.

उगम व विस्तार : एरन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये शिकागो येथे टपालाने माल पुरविणारी पेढी काढली. तिची पहिली मालसूची एकाच कागदाची व १६३ वस्तूंची होती. रिचर्ड सीअर्स याने १८८६ मध्ये घड्याळांच्या विक्रीने व्यवसायास प्रारंभ केला व १८९३ मध्ये ‘सीअर्स, रोबक अँड कंपनी’ हे नाव धारण केले. या दोन्ही पेढ्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी होते. शेतीची राखण, जनावरांचे संरक्षण आणि मांसासाठी शिकार या कारणांनी बंदूक ही त्यांच्या दृष्टीने नांगर वा चुलीसारखीच नित्योपयोगी वस्तू होती. त्यामुळे मालसूचीत शिवणयंत्रे, औषधे, घोड्यांचा साज यांच्या जोडीने रायफली, छऱ्यांच्या बंदुका, रिव्हॉल्व्हरे व काडतुसेही सचित्र व किंमतीसह छापली जात. ग्रामीण भागात टपाल घरपोच देण्याची योजना १८९६ मध्ये व टपालाने मोठी पार्सले पाठविण्याची सोय १९१३ मध्ये सुरू झाली. या सोयींमुळे दूरवरच्या वस्त्याही शिकागोच्या बाजारपेठेशी जोडल्या गेल्या.

मोटारींचा प्रसार होऊन शेतकरी स्वतः शहरात येऊ लागला, तेव्हा या पेढ्यांनी दुकाने उघडली. सीअर्सचे पहिले दुकान १९२५ मध्ये शिकागोत निघाले व वॉर्डनेही पुढील वर्षी तोच मार्ग धरला. क्रीडासाहित्याच्या विभागात मासेमारीचे गळ, तंबू व बंदुका शेजारीशेजारी मांडलेल्या असत. शिकारीचा हंगाम जवळ आला, की त्यांची विशेष जाहिरात होई.

स्वतःच्या नाममुद्रा : या भांडारांचे एक व्यापारी वैशिष्ट्य असे, की बंदुका स्वतः न बनविता नामांकित कारखान्यांकडून त्या मोठ्या प्रमाणावर बनवून घ्यावयाच्या व स्वतःच्या नाममुद्रेने कमी किंमतीत विकावयाच्या. सीअर्सची ‘जे. सी. हिगिन्स’ ही नाममुद्रा १९६० च्या सुमारापर्यंत प्रचारात होती. त्यानंतर विख्यात बेसबॉलपटू टेड विल्यम्स याच्या नावाने माल विकला जाऊ लागला. वॉर्डची ‘वेस्टर्न फील्ड’, जे. सी. पेनीची ‘फोरमोस्ट’ व वेस्टर्न ऑटोची ‘रेव्हेलेशन’ या अशाच नाममुद्रा होत. हाय स्टँडर्ड, विंचेस्टर, मार्लिन, मॉसबर्ग इ. कारखाने हा माल पुरवीत. उदा., टेड विल्यम्स नाममुद्रेची २०० क्रमांकाची बंदूक म्हणजे विंचेस्टरची १२०० क्रमांकाची बंदूकच होती, तर हिगिन्सच्या ५० क्रमांकाच्या रायफलीची यंत्रणा बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याची होती. मूळ उत्पादक ओळखण्यासाठी सीअर्सच्या मालावर सांकेतिक अंक असत : ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड, २७३ म्हणजे विंचेस्टर, १०३ म्हणजे मार्लिन. १९६८ पूर्वी साध्या शिकारी बंदुकांवर अनुक्रमांक घालण्याचे सर्वसाधारण बंधन नव्हते. त्यामुळे जुन्या बंदुकांचा वंश शोधताना संग्राहकांना या सांकेतिक अंकांचाच आधार घ्यावा लागतो.

श्रीमंतांचे भांडार : सामान्यांसाठी सीअर्स, तर धनिकांसाठी न्यूयॉर्कचे ‘ॲबरक्रॉम्बी अँड फिच’ होते. डेव्हिड ॲबरक्रॉम्बी याने १८९२ मध्ये काढलेल्या या दुकानाने १९१७ मध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवरील बारा मजली इमारतीत स्थलांतर केले. तेथे तळघरात नेमबाजीचे मैदान, वरच्या एका मजल्यावर बंदुकांचे दालन आणि गच्चीवर गळ टाकण्याच्या सरावासाठी तलाव अशी व्यवस्था होती. थीओडोर रूझवेल्ट यांच्या १९०९ मधील आफ्रिकेच्या शिकारयात्रेचे साहित्य याच पेढीने पुरविले. कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे हेही तिचे गिऱ्हाईक होते. १९७६ मध्ये पेढीने दिवाळे काढले व १९७७ मध्ये हे भांडार बंद झाले. पुढे तिचे नाव दुसऱ्यांनी विकत घेतले आणि आज ते तरुणांच्या कपड्यांसाठी ओळखले जाते.

भारताशी संबंध : सर्ववस्तुभांडारात बंदुका विकण्याची रीत इंग्लंडमध्येही होती. सेनाधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडन येथे स्थापन केलेली ‘आर्मी अँड नेव्ही’ सहकारी संस्था आपल्या सभासदांना धान्यापासून बंदुकांपर्यंत सर्व वस्तू पुरवी. तिची मुंबई शाखा १८९१ मध्ये उघडली. काळा घोडा परिसरातील तिची इमारत त्याच नावाने आजही उभी आहे. तथापि अमेरिकेतील मुक्त विक्रीचे चित्र येथे कधीच नव्हते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला व युरोपीयांना त्यातून सूट दिली. हा भेदभाव राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या ठरावांतील एक प्रमुख तक्रारीचा विषय होता. दुकानाचे दार कोणासाठी किती उघडे होते, हा प्रश्न अमेरिकेच्या संदर्भातही पुढे उपस्थित होतो.

कायद्याची बंधने : जुन्या काळी कोणतेच बंधन नव्हते, ही समजूत खरी नाही. न्यूयॉर्क राज्याने १९११ मध्येच पिस्तुलासाठी परवाना आवश्यक केला. लपवून नेता येण्याजोगी शस्त्रे खाजगी व्यक्तींना टपालाने पाठविण्यास १९२७ मध्ये संघीय कायद्याने बंदी घातली. मात्र ती सरकारी टपालापुरतीच होती, खाजगी वाहतूक कंपन्यांना ती लागू नव्हती. १९३४ च्या कायद्याने यांत्रिक बंदुका व आखूड नळीच्या बंदुकांवर जबर कर बसविला. १९३८ च्या कायद्याने विक्रेत्यास वर्षाला एक डॉलर शुल्काचा परवाना घेणे व गिऱ्हाइकाच्या नावाची नोंद ठेवणे भाग पडले, परंतु ते नाव खरे की खोटे हे पडताळण्याची सोय नव्हती.

या उणिवेचा भीषण प्रत्यय १९६३ मध्ये आला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येतील इटालियन लष्करी रायफल ली हार्वी ऑस्वाल्ड याने शिकागोच्या एका क्रीडासाहित्य-विक्रेत्याकडून, नियतकालिकातील जाहिरात पाहून, खोट्या नावाने टपालाने मागविली होती. दुर्बीण व टपालखर्च धरून तिला २१·४५ डॉलर पडले. त्याचे रिव्हॉल्व्हर लॉस अँजेल्सहून खाजगी वाहतूक कंपनीमार्फत आले. सिनेटर टॉमस डॉड यांनी टपालविक्रीवरील नियंत्रणाचा पाठपुरावा केला, पण विधेयक काही वर्षे रखडले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यानंतर त्यास गती मिळाली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २२ ऑक्टोबर १९६८ रोजी बंदूक नियंत्रण अधिनियमावर सही केली. व्यक्तींना आंतरराज्य टपालविक्री बंद झाली. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यास २१ वर्षे व लांब बंदूक घेण्यास १८ वर्षे ही किमान वयोमर्यादा ठरली. गिऱ्हाइकाने लेखी निवेदन देणे व बंदुकीवर अनुक्रमांक असणे सक्तीचे झाले. काडतुसांची टपालविक्री १९८६ च्या कायद्याने पुन्हा मोकळी करण्यात आली.

ऱ्हासाची कारणे : या अधिनियमाने व्यक्तींना होणारी बंदुकांची आंतरराज्य टपालविक्री संपुष्टात आणली, परंतु दुकानातील विक्री त्याने थांबविली नव्हती. ती पुढेही काही वर्षे चालू राहिली. तिच्या ऱ्हासास अनेक आर्थिक कारणे आहेत. नोंदवह्या ठेवणे, प्रशिक्षित विक्रेते नेमणे व चोरीपासून माल जपणे यांचा खर्च वाढला. भांडारे उपनगरांतील व्यापारसंकुलांत गेली व अधिक नफ्याच्या कपड्यांकडे वळली. स्वस्त दराच्या दुकानांनी आणि केवळ क्रीडासाहित्य विकणाऱ्या मोठ्या पेढ्यांनी शिकाऱ्यांचे गिऱ्हाईक ओढून घेतले. पुढे भांडारांचीच पडझड झाली : सीअर्सची मोठी मालसूची १९९३ मध्ये बंद पडली, वॉर्डची दुकाने २००१ मध्ये मिटली आणि सीअर्सने २०१८ मध्ये न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. बंदूकविक्रीचा वारसा घेतलेल्या वॉलमार्टनेही १९९३ मध्ये अलास्का वगळता पिस्तुलांची विक्री थांबविली. टेक्सस राज्यातील एल पॅसो येथील तिच्याच दुकानात २०१९ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर तिने पिस्तुलांची काडतुसे विकणेही सोडले.

स्मरणरंजन : प्रथा लोप पावू लागली त्याच सुमारास तिची आठवण विक्रीची वस्तू बनली. सीअर्सच्या १८९७ च्या मालसूचीचे पुनर्मुद्रण १९६८ मध्ये, म्हणजे अधिनियमाच्याच वर्षी निघाले. १९०८ ची मालसूची १९६९ मध्ये पुन्हा छापणारी संस्था बंदूकविषयक वार्षिक काढणारी होती. ‘अ ख्रिसमस स्टोरी’ (१९८३) या चित्रपटात नाताळात हवेच्या बंदुकीसाठी झुरणारा मुलगा व क्लीव्हलंडचे हिग्बीज हे विभागीय भांडार एकत्र आले. नाताळच्या सुमारास हा चित्रपट अमेरिकेत आजही आवर्जून पाहिला जातो.

या आठवणीचा गाभा सहसा असा असतो : वडिलांबरोबर भांडारात जाणे, काचेमागील बंदुकांची रांग, परिचित विक्रेता, पहिली रायफल व शिकारीचा पहिला हंगाम. शस्त्र हे भीतीचे नव्हे, तर घराण्याच्या परंपरेचे व वयात येण्याचे चिन्ह होते, असे त्यातून सुचविले जाते. त्यात तथ्यांश आहे. बंदूक बाळगण्याचे मुख्य कारण म्हणून १९९९ च्या पाहणीत ४९% मालकांनी शिकार व २६% मालकांनी संरक्षण सांगितले होते. २०१३ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ३२% व ४८% झाले. बंदूक असलेल्या घरांचे प्रमाणही १९७० नंतरच्या काही वर्षांतील सु. निम्म्यावरून पुढील चार दशकांत सु. एक-तृतीयांशापर्यंत उतरल्याचे एका दीर्घकालीन सर्वेक्षणात आढळते. तेव्हा बंदुकीचा सामाजिक अर्थ पालटला, ही आठवणकारांची जाणीव निराधार नाही.

परंतु ‘बंदुका मोकळेपणाने मिळत, तरी समाज सुरक्षित होता’ हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही. लाख लोकसंख्येमागे खुनांचे प्रमाण १९६३ मध्ये ४·६ होते. ते १९७४ मध्ये ९·८ वर गेले. ही वाढ भांडारांत बंदुका विकल्या जात असतानाच सुरू झाली व अधिनियमानंतरही चालू राहिली. म्हणजे ती केवळ दुकानामुळे झाली असे म्हणता येत नाही व केवळ कायद्याने थांबली असेही म्हणता येत नाही. बंदुकीच्या अपघातांचे चित्र अधिक स्पष्ट आहे. १९६० नंतरच्या दशकात अशा अपघातांत दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरत. २०१० नंतर, लोकसंख्या पुष्कळ वाढूनही, ही संख्या सु. पाचशे झाली. घरोघरी बंदूक असण्याची ही किंमत मोठी होती, पण ती मोजणाऱ्या कुटुंबांच्या आठवणी मालसूचीच्या पुनर्मुद्रणांत उतरल्या नाहीत.

दुसरी उणीव समतेची आहे. आठवणीतील परिचित, विश्वासू विक्रेता सर्वांसाठी तसा नव्हता. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना स्थानिक गोऱ्या दुकानदाराकडून अपमान व अडवणूक सोसावी लागे. टपालाच्या मालसूचीत रंग दिसत नसल्याने ती त्यांना अनेकदा अधिक न्याय्य वाटे. परवाना देणे जेथे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते, तेथेही हाच भेद दिसे : घरावर बाँब टाकला गेल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५६ मध्ये ॲलाबॅमा राज्यात शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारण्यात आला. गोऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला भांडारात सहज मिळणारी वस्तू आणि त्या काळी ज्याच्या जिवाला उघड धोका होता त्याला नाकारलेला परवाना, ही दोन्ही एकाच काळाची सत्ये होत.

मूल्यमापन : विभागीय भांडारातील बंदुकीचा विभाग हा ग्रामीण, शिकारप्रधान अमेरिकेने औद्योगिक बाजारपेठेशी केलेल्या तडजोडीचा एक टप्पा होता. त्याने चांगली शस्त्रे सामान्य मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात आणली व शिकारीस कौटुंबिक विरंगुळ्याचे स्वरूप दिले. ज्या समाजस्थितीवर तो उभा होता, ती शेतवस्ती, ते शिकारीचे रान व ती विभागीय भांडारेच मागे पडल्याने तो संपला. केवळ कायदा बदलून तो परत आणता येणार नाही. त्याची आठवण त्या समाजाच्या आत्मीयतेची साक्ष म्हणून मौल्यवान आहे, मात्र धोरण ठरविताना पुरावा म्हणून ती अपुरी पडते. कारण तिच्यात बंदूक विकत घेणारा दिसतो, बंदुकीला बळी पडलेला आणि दुकानाच्या दारातून परत पाठविलेला मात्र दिसत नाही.