डझनभर मित्रांची भीड

आमच्या शेणव्यात क्रम कुणी लिहून देत नाही : आधी राब भाजायचा, मग पेरा, मग लावणी. संगणकाला मात्र प्रोग्रॅम बांधतानाही तो लिहूनच द्यावा लागतो. त्यासाठी बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली ‘मेक’ रचले. आज्ञेची ओळ ‘टॅब’नेच सुरू करायची, हा सोपा नियम घातला. तो बदलायचा, तर काही आठवड्यांतच वापरणारे डझनभर झाले, बहुतेक मित्रच! त्यांना कशाला त्रास? नियम राहिला. आज लिनक्सवर टॅबच्या जागी स्पेस पडल्या, की बांधणी ठप्प. डोळ्यांना दोन्ही कोरेच! वर ‘मेक’ विचारते, ‘आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचा होता का?’ कळते, पण वळत नाही. डझनाची भीड, मंडळी, लाखोंना भोवते.